पाच वॅटचे रामटेकेभाऊ

आमच्या गल्लीतल्या अकरा बल्बांना रामटेकेभाऊंनी आजवर नापास केलं आहे. त्यातले तीन माझ्या घरचे आहेत.

तपासणीची पद्धत ठरलेली. सकाळी पावणेआठला भाऊ घराबाहेर पडतात. अंगात बाह्यांची बनियन, खाली लुंगी आणि हातात एक जुना खिशात मावेल एवढा रेडिओ. तो कुठल्याच स्टेशनवर लावलेला नसतो, नुसता खरखरत असतो. भाऊ तो एकेकाच्या भिंतीला, खिडकीला, मीटरच्या पेटीला लावत पुढे सरकतात. खरखर वाढली की थांबतात आणि आतला माणूस अंघोळीला बसलाय की जेवायला याचा काडीचाही विचार न करता बाहेरूनच सांगतात, "बाई, तुमचा बल्ब ओरडून राह्यला." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पिठाचे हात घेऊन बाहेर आले आणि बल्ब कसा काय ओरडेल, असं विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की तसं मी पहिलीतल्या पोरांकडेही पाहत नाही. आणि मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवते आहे.

मग समजलं ते असं. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, मिक्सर, इन्व्हर्टर हे सगळे हवेत एक प्रकारचा कचरा सोडतात. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, रेडिओच्या कानाला येतो. भाऊंना सकाळी आठ ते सव्वाआठ या पंधरा मिनिटांत आमच्या गल्लीवर हा कचरा नको असतो. नेमक्या त्याच पंधरा मिनिटांत माझी शेंगदाण्याची चटणी मिक्सरात असते, हा माझा दोष.

भाऊ आलापल्लीला वनखात्याच्या वायरलेसवर होते. तिथूनच रिटायर झाले, तिथेच घर बांधलं. रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, नातवंडं बघतात. भाऊंनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, म्हणजे स्वतःच्या घरातून, स्वतःच्या रेडिओवरून, सरकारच्या परवान्याने जगाशी बोलायची परीक्षा. साठीला आलेला माणूस ताटावर चमच्याने टकटक करत मोर्सची सांकेतिक लिपी शिकत होता, आणि वहिनी म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणखी भाजी हवी की काय म्हणून वाढत होत्या. त्या वर्षी भाऊंचं वजन चांगलंच वाढलं. परवाना आता चौकट करून दारासमोरच लावला आहे. आमच्या नक्षलग्रस्त भागात छपरावर तार दिसली की पोलीस चौकशीला येतात, तेव्हा तो आल्या आल्या दिसावा म्हणून. दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा भाऊंनी त्यांना तासभर बसवून अँटेना समजावून सांगितली. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

आता त्यांचा रेडिओ. तो विकत घेतलेला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी स्वतः जोडलाय. झाकणावर अजून एक गोरीगोमटी मुलगी बिस्किट खाताना हसते आहे आणि तिच्या कपाळाच्या मधोमध भोक पाडून भाऊंनी बटण बसवलंय. जुन्या मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतो. ताकद पाच वॅट. झिरोच्या बल्बालाही याहून जास्त लागते. या डब्यावरून भाऊ हैदराबादेशी बोलले आहेत, श्रीलंकेशी बोलले आहेत आणि एकदा एका जहाजावरच्या माणसाशी. जहाजाची गोष्ट गल्लीत प्रत्येकाने किमान चार वेळा ऐकली आहे.

लोक डब्याला हसले की भाऊंची मान ताठ होते. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "डबा नाई, तार पाहा." म्हणजे रेडिओ केवढ्याचा आहे ते विचारू नका, अँटेना कशी बांधली आहे ते विचारा. त्यांची तार मागच्या मोहाच्या झाडापासून विहिरीजवळच्या बांबूपर्यंत वीस मीटर ताणलेली आहे आणि तिचा झाडाशी थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये टूथब्रशचे दांडे बांधलेत. सबंध गल्लीचे जुने टूथब्रश भाऊंकडे जमा होतात. माझ्या सासूबाईंचा हिरवा ब्रश आज मोहाच्या झाडावर आहे.

या तारेपायी एकदा मोठं रामायण झालं. नवीन बदलून आलेल्या एका वनरक्षकाने ती पाहिली. आमच्याकडे जंगलात रानडुकराच्या शिकारीसाठी अशीच बारीक तार लावून चोरून करंट सोडतात. त्याने अंगणात शिरून तार कापली, वेटोळं करून खांद्यावर टाकली आणि पुरावा म्हणून घेऊन निघाला. भाऊ लुंगीवरच त्याच्या मागे ऑफिसपर्यंत चालत गेले. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. तिथे पोहोचल्यावर मात्र त्यांनी साहेबासमोर त्या पोरसवदा गार्डला फक्त एवढं विचारलं, की डुकराला धरायला टूथब्रश कोण लावतं. संध्याकाळी तोच गार्ड मोहाच्या झाडावर चढून तार बांधत होता आणि खालून भाऊ त्याला तोल कसा साधायचा ते ओरडून सांगत होते. आता तोही आपला जुना ब्रश आणून देतो.

भाऊंचे खरे शत्रू एकच, देशकर साहेब. गडचांदूरच्या बाजूला एका सिमेंटच्या कारखान्यात इंजिनीयर आहेत. त्यांच्याकडे शंभर वॅटचा परदेशी रेडिओ आहे, त्याला रंगीत पडदा आहे आणि पडद्यावर हवेतले सगळे आवाज निळ्या-पिवळ्या रेघांनी खाली वाहताना दिसतात. दर रविवारी रेडिओवर या दोघांचं भांडण होतं आणि विदर्भातली बाकीची हौशी मंडळी आपापले चहाचे कप घेऊन ऐकत बसतात. देशकर म्हणतात, भाऊ, चांगला रेडिओ तो चांगलाच. भाऊ म्हणतात, तुमच्या वीसपट ताकदीने समोरच्याच्या मीटरवरचा काटा फक्त दोन घरं पुढे सरकतो, तेवढ्यासाठी एवढा पैसा कशाला. एकदा चंद्रपूरला या मंडळींचं संमेलन होतं. चकचकीत यंत्रांच्या रांगेत भाऊंनी आपला डबा मांडला. एका तरुणाने विचारलं, काका, यात बिस्किटं आहेत का. भाऊंनी शांतपणे तार जोडली, चेन्नईच्या माणसाला हाक मारली, त्याचं उत्तर सगळ्यांना ऐकवलं आणि मग झाकण उघडून बॅटरीच्या वायरीजवळ ठेवलेली दोन बिस्किटं त्या तरुणाच्या हातावर ठेवली.

मनापासून सांगायचं तर हे भांडण मला आवडायचं. आमच्याकडे मोठी गाडी, मोठा टीव्ही, मोठा डीजे यांचंच कौतुक चालतं. त्यात एक माणूस पत्र्याचा डबा छातीशी धरून सगळ्यांना नाही म्हणतो, हे बघून मला बळ यायचं. फक्त त्याने माझा मिक्सर बंद करू नये, एवढीच माझी अट होती.

आता आठ वाजताच काय आहे, ते सांगते. वनखात्यात असताना रोज सकाळी आठला वायरलेसवर हजेरी व्हायची. आलापल्लीहून भाऊ एकेका ठाण्याला हाक मारायचे. तिकडून उत्तर यायचं, इथे पाऊस, इथे वणवा, इथे सगळं ठीक. एखादं ठाणं बोललं नाही तर सव्वाआठपर्यंत पुन्हा पुन्हा हाक मारायची आणि तरीही उत्तर आलं नाही तर वहीत 'ऐकू आले नाही' असं लिहायचं. 'गैरहजर' लिहायचं नाही. ही भाऊंची स्वतःची शिस्त होती आणि त्यावरून त्यांनी एका साहेबाशी वादही घातला होता. भाऊंचं म्हणणं, तो माणूस तिथे बसून घसा फोडून बोलत असेल आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल, तर त्याला गैरहजर लिहिणारे आपण कोण.

या हजेरीतलं शेवटचं ठाणं सिरोंचाकडचं. तिथे पोचन्ना होते. मराठी बोलताना मधेच तेलुगूत शिरायचे. भाऊ आणि पोचन्ना यांनी सव्वीस वर्षं रोज सकाळी एकमेकांचा आवाज ऐकला आणि समोरासमोर भेटले चार वेळा. दोघे सहा महिन्यांच्या अंतराने रिटायर झाले आणि आठची हजेरी चुकू नये एवढ्यासाठी दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली. पोचन्नांचा डबाही भाऊंनीच बनवून पाठवला. रिटायर झालो म्हणून काय झालं, असं म्हणत दोघे म्हातारे रोज आठला मोर्समध्ये टकटक करून एकमेकांची हजेरी घ्यायचे. पोचन्नांची शेवटची टक जरा लांबायची, ती ऐकली की बाकीचं ऐकायची गरज नाही, असं भाऊ सांगायचे. सव्वाआठला भाऊ बाहेर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, की सिरोंच्याला आज पाऊस आहे. आम्हाला त्या पावसाशी काही देणंघेणं नसायचं, पण ऐकून घ्यायचो.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण गेल्या दिवाळीपासून भाऊ फारच बिघडले. आधी ते आठवड्यातून एखाद्या दिवशी बल्ब तपासायचे, आता रोज. आधी सांगून जायचे, आता प्लग निघेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. आम्हाला वाटलं की दिवाळीच्या लायटिंगच्या माळांनी त्यांचं डोकं फिरलं. सिरोंच्याचा पाऊस सांगायचंही बंद झालं. सव्वाआठला बाहेर यायचे ते कपाळाला आठ्या घालून. कोणी विचारलं तर म्हणायचे, आज हवाच खराब होती, नाहीतर कोणाचा तरी चार्जर राहिला होता. कोणाचा, ते पाहताना त्यांची नजर बहुतेक माझ्या घराकडे असायची.

फाल्गुनात गल्लीचा संयम सुटला. पिठाच्या चक्कीवाल्याची सकाळची गिऱ्हाइकं परत जात होती, कोणाच्या मुलीचा ऑनलाइन क्लास बंद पडत होता आणि माझी चटणी रोज अर्धी भरड राहत होती. बंडाचं पुढारपण मी केलं, हे लपवून काय उपयोग. भाऊंच्या भिंतीवर देशकर साहेबांचं कार्ड खोचलेलं होतं, त्यावरचा नंबर मी उतरवून घेतला आणि त्यांना फोन लावला. विचारलं, की गल्लीत बल्ब चालू असतानाही ऐकू येईल असा रेडिओ असतो का. ते म्हणाले, माझ्याकडे आहे, त्यात कचरा गाळायची सोय आहे, शिवाय जुना एक मोठा सेट कपाटात पडलाय, भाऊ घेत असतील तर तसाच देऊन टाकीन. मी भाऊंना जाऊन आव्हान दिलं. एका रविवारी सकाळी दोन्ही रेडिओ, एकच तार, सगळ्यांसमोर. देशकरांचा जिंकला तर भाऊंनी मोठा सेट घ्यायचा आणि आमच्या मिक्सरला हात लावायचा नाही. भाऊ लगेच हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना शोभलंच नसतं.

त्या रविवारी मोहाची फुलं पडत होती. वहिनींनी टोपली बाजूला ठेवून सगळ्यांना चहा केला. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. देशकर साहेबांनी गादीच्या पेटीतून आपला रेडिओ असा काढला की मी बाळंतिणीचं बाळही एवढं जपून उचललेलं पाहिलेलं नाही. भाऊंच्या टेबलावर एक खटका होता. इकडे दाबला की तार डब्याला, तिकडे दाबला की मोठ्या रेडिओला. ठरल्याप्रमाणे गल्लीत सगळं चालू ठेवलं होतं. चक्कीसुद्धा.

डब्यावर नुसता भुंगा. त्या भुंग्याखाली कोणीतरी बोलत होतं, पण काय ते देवाला ठाऊक. देशकरांनी खटका दाबला, एक बटण फिरवलं आणि भुंगा गेला. नागपूरचा माणूस उन्हाबद्दल तक्रार करत होता ते शब्दन् शब्द ऐकू आलं. मग हैदराबाद, मग चेन्नई. पुन्हा डबा, पुन्हा भुंगा. चक्कीवाल्याने टाळी वाजवली. मीही वाजवली. देशकर साहेब भले माणूस, त्यांनी भाऊंकडे पाहायचं टाळलं. भाऊ ताठ बसून होते. म्हणाले, "आठ वाजू द्या."

आठ वाजले. भाऊंनी खटका डब्याकडे केला आणि मोर्सची किल्ली हाताखाली घेतली. सिरोंच्याला हाक गेली. थांबले. पुन्हा हाक. तीनदा झालं. डब्यावर भुंगाच. मग देशकर साहेब पुढे सरकले, म्हणाले की आता माझ्यावर ऐकू, आणि त्यांनी खटक्याकडे हात नेला. भाऊंनी तो हात वरच्यावर धरला.

"थांबा साहेब. त्याच्यावर नाई."

मला वाटलं, हरायला घाबरले. देशकरांनाही तेच वाटलं असावं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, याच्यावर मुंगी चालली तरी ऐकू येते. तुमचा दोस्त असन तं हमखास ऐकू येईन."

"म्हनूनच नाई म्हनून राह्यलो." भाऊंनी हात सोडला नव्हता. "तुमचा रेडिओ माह्याहून चांगला हाय. मले का समजत नाई? पन माह्या डब्यावर ऐकू नाई आला, तं मी लिहितो, ऐकू आले नाही. डबा लहान हाय, हवा खराब हाय, बाईचा बल्ब ओरडून राह्यला. तुमच्यावर बी ऐकू नाई आला तं मले गैरहजर लिहा लागन."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या उठून आत गेल्या, मी त्यांच्या मागे गेले. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी हळू आवाजात मला सांगितलं. "दिवाळीच्या आंधी पोचन्नाभाऊच्या पोराचा फोन आल्ता. ह्यायनंच उचलला. गेले म्हने. हे सिरोंच्याले जायले निघाले, अन् बस स्टँडवरून वापस आले. दुसऱ्या दिवशी आठले बसले तसेच. मी म्हटलं, आता कोनाले हाक मारून राह्यले? तं म्हनते, पोरानं फोनवर सांगतलं. हजेरीवर अजून कोनी नाई सांगतलं."

आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला हजेरीची वही लटकत होती. मी ती उघडली, उघडायला नको होती. दिवाळीपासूनचं प्रत्येक पान एकाच ओळीचं. आठ वाजता. सिरोंचा. ऐकू आले नाही. अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही. आणि मी पाच महिने या माणसाला चटणीवरून बोलत होते. मला माझीच लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

मी बाहेर आले तेव्हा देशकर साहेब आपल्या रेडिओची वायर काढत होते. पेटी बंद करून ते उभे राहिले आणि चक्कीवाल्याला, मला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डब्याचं काही नाई. तार पाहा भाऊची. असली तार माझ्याकडं नाई." भाऊंनी मान हलवली, जणू ही गोष्ट जगाला उशिरा कळली. जुना मोठा सेट गाडीतून खाली उतरलाच नाही. पुढच्या रविवारी रेडिओवर त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं आणि या खेपेला देशकरच आधी भांडले.

सोमवारी सकाळी मी खिडकीत उभी होते. पावणेआठ झाले, भाऊ बाहेर आले नाहीत. हरल्यावर कोणत्या तोंडाने बल्ब तपासायचे, असं त्यांना वाटलं असेल. आठला दोन मिनिटं असताना मी मिक्सर बंद केला, प्लग काढला, चार्जर काढले, शेवटी मीटरजवळ जाऊन सगळ्या घराचाच स्विच खाली केला. सासूबाईंनी आतून काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हजेरी आहे. समोरच्या घरातला पंखा थांबला. मग पलीकडचा टीव्ही. सगळ्यात शेवटी चक्की घरघरत बंद झाली आणि चक्कीवाला दारात येऊन उभा राहिला. आम्ही कोणी कोणाशी बोललो नव्हतो. बंद गल्लीत भाऊंच्या किल्लीची टकटक माझ्या खिडकीपर्यंत येत होती. हाक जायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा हाक.

त्या दिवसापासून आम्ही रोज हेच करतो. बाहेरगावचे पाहुणे हसतात आणि विचारतात की एका पत्र्याच्या डब्यासाठी सगळ्या गल्लीने पंधरा मिनिटं विजेविना बसायचं काय कारण. मी त्यांना कारण सांगत नाही. चहा थंड होईल म्हणते, आणि त्यांचाही चार्जर काढून ठेवते.

त्या सोमवारी सव्वाआठला भाऊ माझ्या फाटकाशी आले. हातात तो खरखरणारा रेडिओ होता, पण बंद.

"बाई, आज तुमचा बल्ब नाई ओरडला."

मी विचारलं, "ऐकू आलं का भाऊ?"

"नाई. हवा खराब होती." त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत बंद दिव्यांकडे पाहिलं. "लिहून आलो तसं."

मग चक्कीवाल्याला हात करून त्यांनी सुरू कर म्हणून सांगितलं, आणि मी आत जाऊन चटणी पुन्हा मिक्सरात टाकली.